माजघराची जागा

विश्रांतवाडीतील आमचे दुमजली घर १९७४ सालचे. गुडघ्यांमुळे आईला जिना चढणे अशक्य झाले, तेव्हा तळमजल्याची फेरमांडणी करायचे ठरले. मी आराखडा काढला. बैठकीची खोली पुढे होती तशीच. मागे स्वयंपाकघरालगतच्या कोठीत आईची खोली आणि शेजारी न्हाणीघर. नळ आणि सांडपाण्याची वाट मागेच असल्याने हे सोयीचे होते, स्वस्तही. कागद पुन्हा पाहताना मात्र लक्षात आले, की आपण नकळत एक जुनेच घर काढले आहे.

पुण्याच्या वाड्यात दिंडी दरवाजातून चौकात, चौकातून ओसरीवर, तेथून माजघरात आणि शेवटी स्वयंपाकघर-देवघराकडे, असा क्रम असे. तो केवळ बांधकामाचा नव्हता. परक्याने कुठवर यावे, कोणत्या जातीच्या माणसाने कुठे थांबावे, सोवळे कुठून सुरू होते आणि घरातील बाईने कुठवर जावे, हे सारे उंबरठे ठरवीत.

रमाबाई रानडे यांच्या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आठवणी या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोग्या आहेत. १८७३ मध्ये महादेव गोविंद रानडे यांच्याशी विवाह झाल्यावर पतीच्या आग्रहाने त्या शिकू लागल्या. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना ते रुचले नाही. इंग्रजी शिकवायला येणाऱ्या बाईंचा स्पर्शही तेथे विटाळ ठरे. एका छपराखाली दोन काळ नांदत होते आणि रमाबाईंना त्या दोहोंमध्ये रोज ये-जा करावी लागत होती.

१८९७ च्या प्लेगात गोरे सोजीर झडतीसाठी घराघरांत शिरले. त्याच्या संतापातून २२ जून रोजी रँडवर गोळी झाडली गेली. कुणीतरी उंबरठा ओलांडून आत आल्याचे दुःख इतिहासाने ठळकपणे नोंदवले. उंबरठ्याच्या आत जन्म काढण्याचे दुःख मात्र बहुधा बायकांनाच लिहावे लागले.

पुढे १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतील कित्येक वाडे कोसळले. शहर वाढले, वाड्यांच्या जागी ब्लॉक आले, 'माजघर' हा शब्द बोलण्यातून गेला. जागा मात्र राहिली. आमच्याही घरात सर्वांत कमी उजेडाची खोली मागचीच आहे.

आईला आराखडा दाखवला. तिने एवढेच विचारले, "तिथून रस्ता दिसेल का?" आळंदीहून निघालेली माउलींची पालखी दरवर्षी विश्रांतवाडीवरून पुण्यात जाते. इतकी वर्षे आईने ती बहुतेक स्वयंपाकघरातून ऐकली. वारकऱ्यांचा चहा तिच्याकडे असे.

आता आराखडा उलटा केला आहे. पुढची खोली आईची. बैठक मागे कोठीत. मधली भिंत वरच्या मजल्याचा भार घेते, म्हणून अभियंत्याच्या सल्ल्याने ती जागच्या जागी राहील. न्हाणीघर पुढच्या कोपऱ्यात येईल, आणि त्याचा नळ बाजूच्या भिंतीबाहेरून योग्य उतार देत मागच्या चेंबरपर्यंत न्यावा लागेल. खर्च वाढला. पाहुण्यांनाही आता आईच्या दारावरून आत यावे लागेल. ते येताना तिची विचारपूस करतील, असे धरून चाललो आहोत.