तुर्कमेनी साठवण-थैल्या : इतिहासाचे एक साधन

भटक्या समाजांचा इतिहास बहुधा त्यांच्या शेजाऱ्यांनी अथवा जेत्यांनी लिहिलेला असतो. तुर्कमेनांच्या बाबतीत तो प्रामुख्याने इराणी बखरकारांच्या व रशियन लष्करी अधिकाऱ्यांच्या लेखणीतून आपल्यापर्यंत येतो. तेक्के, योमुत, सालोर, सारिक, एरसारी आदी टोळ्यांतील स्त्रियांनी मागे ठेवले ते विणकाम. त्यातही गालिच्यांपेक्षा साठवणीच्या थैल्या अधिक बोलक्या आहेत, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

नमद्याने आच्छादलेल्या तंबूत लाकडी सामान थोडेच असे. कपडेलत्ते व अंथरुणे ‘चुवल’ नामक मोठ्या थैलीत, तर किरकोळ वस्तू उथळ ‘तोरबा’ व लहान ‘मफ्राश’ यांत ठेवीत. विवाहप्रसंगी उंटाच्या दोन्ही अंगांस पाचकोनी ‘अस्मालिक’ जोडीने लावीत. जमिनीत खुंट्या ठोकून ताणलेला आडवा माग मुक्काम हलविताना गुंडाळून नेता येई. लोकर कळपाची, लाल रंग मंजिष्ठाच्या मुळांचा, निळा नीळीचा. थैलीची दर्शनी बाजू गाठींची, पाठ साधी. पुढे व्यापाऱ्यांनी या पाठी कापून टाकल्या; त्यामुळे अनेक संग्रहांत आज थैली नसून केवळ तिचा चेहरा आहे!

या चेहऱ्यांवरील अष्टकोनी ‘गुल’ हा वादाचा विषय होय. सोव्हिएत अभ्यासिका व्ही. जी. मोश्कोवा यांनी १९४६ मध्ये मांडले की, गुल हे टोळीचे बोधचिन्ह असून पराभूत टोळीचे चिन्ह ‘मृत’ होते. सालोरांचे म्हणून ओळखले जाणारे चिन्ह तेक्के व सारिक यांच्या थैल्यांवर आढळते, हे खरे. परंतु तेवढ्यावरून जय-पराजयाचा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. सासरी आलेली सून माहेरचा नमुना विणू शकते. बाजारात मागणी असलेले नक्षीकाम कोणीही उचलते. मोश्कोवांचा सिद्धांत आकर्षक आहे. मात्र तो स्वीकारल्यास विणणारी स्त्री पुन्हा एकदा पुरुषांच्या लढायांची निव्वळ लेखनिक ठरते.

लढायांचा परिणाम झालाच नाही, असे मात्र नव्हे. जानेवारी १८८१ मध्ये स्कोबेलेव्हच्या सैन्याने गोकतेपे येथे तेक्क्यांचा पाडाव केला. १८८४ मध्ये मर्व्ह रशियाकडे गेले. १८८८ मध्ये लोहमार्ग समरकंदला पोहोचला आणि विणकाम दूरच्या बाजारपेठेशी जोडले गेले. कृत्रिम रंग आले, घरासाठी विणलेल्या वस्तू विक्रीस निघाल्या. तुर्कमेनी माल पश्चिमेत ‘बुखारा’ या पेठेच्या नावाने ओळखला जाऊ लागला. विणणाऱ्या टोळीचे नाव गळून पडले. ते नाव पुन्हा नोंदविण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न १९०८-०९ मधील सचित्र ग्रंथाने केला. त्याचे कर्ते जनरल बोगोल्युबोव्ह हे याच जिंकलेल्या प्रांताचे माजी राज्यपाल होते.