शून्य गुणांची गाडी

लहानपणी आम्हा भावंडांचा एक खेळ होता. संध्याकाळी भायखळ्याच्या चाळीच्या गॅलरीत ओळीने उभं राहायचं आणि खालून जाणाऱ्या मोटारी मोजायच्या. काळ १९७८-७९चा. प्रत्येक गाडीचे गुण ठरलेले. शेवरलेची इम्पाला ज्याला आधी दिसेल त्याला दहा. मर्सिडीजला आठ, स्टँडर्ड हेराल्डला तीन, अॅम्बेसेडरला एक. आणि फियाटला शून्य. फियाट मोजायचीच नाही, कारण ती मोजत बसलं तर खेळ संपणार कधी?

परवा त्याच रस्त्यावर सिग्नलला एक जुनी फियाट येऊन उभी राहिली. शेजारच्या बसमधली कॉलेजची मुलं खिडकीतून वाकून तिचे फोटो काढू लागली. इम्पाला पाहून आम्ही जसे ओरडायचो, तशीच ती ओरडत होती. मनात आलं, आमचे गुण चुकलेच म्हणायचे!

तेव्हा वाटायचं, हे गुण आम्हीच ठरवले. प्रत्यक्षात ते आमच्या जन्माआधी सरकारी कागदावर ठरले होते. अमेरिकेच्या जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला होता. फोर्डचाही कारभार मुंबईत होता. स्वातंत्र्यानंतर सरकारने विचारलं, सुटे भाग आणून नुसते जोडणार, की गाडी इथे बनवणार? १९५३च्या टॅरिफ कमिशनने, इथे बनवायची तयारी नसेल त्यांनी गाशा गुंडाळावा, असा कौल दिला. १९५४मध्ये या दोन्ही कंपन्यांनी इथला व्यवहार आवरला. मोटारींच्या बाजारात मुख्यतः तिघे उरले. कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याचे हिंदुस्तान मोटर्स, मद्रासचे स्टँडर्ड आणि आपल्या मुंबईचे प्रीमियर. परदेशी मोटार दिसायची ती बहुधा वकिलातीने वापरून विकलेली. म्हणून इम्पालाला दहा गुण!

प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी उभी केली. माणूस मूळचा सोलापूरचा, कारखाना कुर्ल्याला. आधी क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ गाड्या, मग इटलीच्या फियाटशी करार. पन्नाशीच्या दशकात आली ती गोल नाकाची, बसकी फियाट. मुंबईकरांनी तिचं बारसं केलं ‘डुक्कर फियाट’. नावात हेटाळणी नव्हती, लाडच होता. तिचं पुढचं दार उलट्या बाजूने उघडायचं. कुठे अशी गाडी दिसली तर आधी दार पाहा. १९६४पासून आली चौकोनी अंगाची डिलाइट. सत्तरच्या दशकात फियाट हे नाव गेलं, प्रीमियर प्रेसिडेंट आलं आणि लगेच पद्मिनी. चितोडच्या राणीचं नाव लागलं तरी आतलं इंजिन तेच, १,०८९ सीसीचं. इटलीत १९६९मध्ये ही गाडी बंद झाली. कुर्ल्यात मात्र ती पुढे तीसेक वर्षं बनत राहिली. लोकांना निवड नव्हती, नोंदणी करून वर्षानुवर्षं थांबावं लागे, हे खरं. पण कुठल्याही गल्लीतला मिस्त्री तिला पाना-पक्कड घेऊन उभी करायचा, हेही खरं.

म्हणूनच ती मुंबईची टॅक्सी झाली. काळं अंग, पिवळं छप्पर, वर सामानाचं कॅरियर, बाहेर डाव्या हाताला लोखंडी मीटर. गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी, त्यामुळे पुढची सीट सलग.

आमच्या घरात हे सगळं मामूंमुळे माहीत होतं. मामू टॅक्सी चालवायचे. धाकटी बहीण जन्मली त्या रात्री धो धो पाऊस होता. अम्माला मामूंच्या टॅक्सीतूनच इस्पितळात नेलं. गावाहून आलेले पाहुणे, मय्यतीला निघालेली माणसं, परीक्षेला उशीर झालेली मुलं, सगळी त्याच सीटवर बसली. खेळात मात्र मामूंची टॅक्सी दिसली तरी शून्यच. एकदा मामूंनी ऐकलं आणि हसून म्हणाले, “अरे, मग तुम्ही रोज शून्यात बसून फिरता की!”

टॅक्सीसाठी पुढे २० वर्षांची वयोमर्यादा आली. मामूंची शेवटची पद्मिनी १९९६ची. २०१६मध्ये ती कुर्ल्याच्या भंगारात गेली. जिथे जन्मली तिथेच मोडली. मामूंनी घरी आणली ती फक्त किल्ली. मुंबईत पद्मिनी टॅक्सीची अखेरची नोंदणी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ला झाली होती. तिची वीस वर्षं २०२३च्या ऑक्टोबरात भरली, तेव्हा वर्तमानपत्रांनी निरोपाचे लेख छापले. ते वाचायला मामू नव्हते.

त्या दिवशी मी घरातला जुना आल्बम काढला. फुफीच्या निकाहला कुणाची तरी इम्पाला मागून आणली होती. तिचे सात फोटो निघाले. समोरून, बाजूने, हार घातलेली. मामूंच्या टॅक्सीचा एकही नाही. नाही म्हणायला एका फोटोत इम्पालाच्या मागे कॅरियरचा एक कोपरा दिसतो. इतकी वर्षं आमचं घर वाहून नेणाऱ्या गाडीचा आमच्याकडे एवढाच पुरावा आहे.

सांगायचा मुद्दा असा, की दुर्मीळ वस्तू मुळात दुर्मीळ असतेच असं नाही. संस्थानिकांची रोल्स-रॉइस पहिल्या दिवसापासून जपली गेली. ती आजही चकचकीत उभी आहे. जी हजारोंनी होती, तिला कोण जपणार? ‘ही काय, रोजचीच’ असं म्हणता म्हणता ती रस्त्यावरून गेली. इतिहासात राजांची दफ्तरं सापडतात, बाजारात जाणाऱ्या बाईच्या पिशवीत काय होतं ते सापडत नाही. त्यातलंच हे.

पद्मिनीच्या जागी सँट्रो आली, ओम्नी आली. ओम्नी २०१९मध्ये बनायची थांबली. त्याही आता कमी होताहेत. गॅलरीतला खेळ पुन्हा मांडायचा झाला तर मी गुण उलटे लावीन. ज्या गाडीकडे कुणी पाहत नाही, तिला दहा. आणि मामूंसारखा कुणी तिच्यात बसलेला असेल, तर त्याला आधी विचारीन, “एक फोटो काढू का?”