दहा दिवसांत तीन इंच



गेल्या महिन्यात घाटकोपरच्या आमच्या बचत गटाच्या बैठकीत एका ताईंनी १,८०० रुपयांचं कर्ज मागितलं. कारण विचारलं तर बोलेचनात. मग हळूच म्हणाल्या, "पोट कमी करायचा पट्टा घ्यायचाय. मोबाइलवर जाहिरात बघितली." आम्ही हसलो नाही. आमच्यातल्या दोघींकडे तसाच पट्टा कपाटात पडून आहे.

ही जाहिरात नवी नाही. पहिल्या महायुद्धाआधी युरोप-अमेरिकेतल्या बायका कॉर्सेट घालत, म्हणजे पोलादी पट्ट्या घातलेली, दोरीने आवळायची कंचुकी. युद्धानंतर ती मागे पडली आणि रबरी कमरपट्टे आले. १९३१ मध्ये लास्टेक्स नावाचा धागा निघाला. आत रबर, वर सूत किंवा रेशीम गुंडाळलेलं. त्यामुळे अख्खं कापडच ताणता येऊ लागलं.

त्याच काळात अमेरिकेतल्या मासिकांत 'परफोलास्टिक' या भोकाभोकांच्या रबरी पट्ट्याची जाहिरात येई. दहा दिवसांत कंबर तीन इंच कमी होईल, नाही झाली तर पैसे नकोत! चालता-बसता पट्टा मालिश करतो आणि चरबी जाते, असं सांगत. खरं तर रबर पोट दाबून धरतं. पट्टा काढला की पोट जिथल्या तिथे. घाम येतो, पण घाम म्हणजे पाणी. दोन तांबे प्यायलो की वजन परत.

पोट बांधणं आपल्यालाही ठाऊक होतं. आपल्या आज्या बाळंतिणीचं पोट जुन्या लुगड्याने बांधत. ते आधारासाठी, आणि लुगडं घरचंच. जाहिरातीने मात्र आधी बाईला सांगितलं, तुझ्यात खोट आहे. मग त्या खोटेवरचा उपाय विकला.

तेव्हाच्या मुंबईत हॉर्नबी रोडवर, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी रोडवर, व्हाइटअवे लेडलॉ हे विलायती कपड्यांचं मोठं दुकान होतं. १९३० साली याच शहरात देशसेविका संघाच्या बायका विदेशी कापडाच्या दुकानांपुढे निदर्शनं करत उभ्या राहिल्या. अंगावर काय घालायचं आणि आपला पैसा कोणाकडे जातो, हे त्यांनी भर रस्त्यात विचारलं. पुढे व्हाइटअवेच्याच इमारतीत खादी भांडार आलं.

आम्ही ताईंना नाही म्हटलं नाही. पैसा त्यांच्याही बचतीचा आहे. फक्त तीन प्रश्न विचारले. पट्टा काढल्यावर काय होणार? नाही जमलं तर पैसे परत कोण देणार? आणि पोट मोठं आहे हे तुम्हाला आधी कोणी सांगितलं?

तिसऱ्या प्रश्नावर त्या बराच वेळ गप्प बसल्या. अर्ज पुढच्या बैठकीपर्यंत थांबवलाय.

मैत्रिणींनो, तुमच्याही कपाटात असा पट्टा असेल, तर पुढच्या बैठकीला घेऊन या. लाजू नका. मधोमध ठेवा आणि हेच तीन प्रश्न विचारा.