सातपुड्याचा वसंत आणि मोहाचे फूल

शहाद्यालगतच्या लोणखेड्याहून उत्तरेकडे दृष्टी टाकली, की ऊस, केळी व पपईच्या मळ्यांपलीकडे सातपुड्याची निळसर रांग दिसते. ही रांग फाल्गुनात जवळून पाहावी. तोरणमाळच्या वाटेवरील दऱ्याखोऱ्यांत तेव्हा पानांचा मागमूस नसतो, आणि तरीही रान फुललेले असते.

वसंतातील रानफुले म्हटली, की पाश्चात्त्य ग्रंथांतून वेगळेच चित्र समोर येते. अमेरिकेतील ॲपलेशियन पर्वताच्या ओलसर, सुपीक दऱ्यांत वृक्षांना पालवी फुटण्यापूर्वीचे काही आठवडे जमीनच फुलांनी झाकली जाते. माथ्यावर छत नसल्याने ऊन खालपर्यंत पोहोचते व लहान वनस्पती ती संधी साधतात. सातपुड्याची रीत नेमकी उलट. येथे वसंतात जमीन कोरडी ठणठणीत असते आणि फुले वरच्या निष्पर्ण फांद्यांवर येतात. पळस, पांगारा, काटेसावर यांचे तांबडे, केशरी रंग दुरूनही नजरेत भरतात. जमिनीवरची फुले मात्र मृगाच्या पावसाची वाट पाहत कंदांच्या रूपाने मातीत निजलेली असतात.

त्या कंदांपैकी एक म्हणजे सफेद मुसळी. तिच्या एका जातीचे शास्त्रीय वर्णन 1950 च्या दशकात येशूसंघीय फादर सांतापाव यांनी आर. आर. फर्नांडिस यांच्यासह केले आणि मुंबईच्या बोरिवलीवरून तिला 'बोरिविलियानम' हे नाव दिले. फादर सांतापाव मूळचे स्पेनचे. पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले आणि 1967 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या आधी स्वित्झर्लंडचे फादर ब्लाटर (1877–1934) यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात वाळवलेल्या वनस्पतींचा जो संग्रह उभारला, तो आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. या धर्मगुरूंनी फुलांना नावे दिली, पत्ते दिले. औषधी मुळांच्या मागणीपायी त्याच मुसळीवर पुढे इतके कुदळ-फावडे चालले, की अनेक जंगलांत ती दुर्मीळ झाली.

परंतु सातपुड्याच्या इतिहासात खरे वजन आहे ते मोहाच्या फुलाला. दिसायला ते साधे, फिकट, मांसल. रात्री उमलते, वटवाघळांना बोलावते आणि पहाटे गळून पडते. उजाडण्यापूर्वी बायकामुले टोपल्या घेऊन झाडाखाली पोहोचतात. वेचलेले फूल उन्हात वाळवले, की महिनोन् महिने टिकते. ते उकडून खातात, भाकरीच्या पिठात मिसळतात. पुढे फळांतील टोळंबीपासून तेल निघते. संवत 1956 च्या, म्हणजे 1899–1900 च्या भीषण दुष्काळासारख्या प्रसंगी ज्याच्या घरी धान्य नसे, त्याला असे रानच आधार देई.

हेच फूल आंबवून दारू होते, आणि राज्यकर्त्यांची नजर नेमकी तेथे गेली. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळण्यावर सरकारचा ताबा आला. त्याच वर्षीच्या वन कायद्याने रानही राखीव होऊ लागले. 1892 साली तर कोकणच्या काही भागांत मोहफुले बाळगण्यावरच कायदा आला. स्वातंत्र्यानंतरच्या 1949 च्या दारूबंदी कायद्यानेही या फुलावरची पकड सोडली नाही. घरातल्या अन्नाकडे सरकारने गुन्ह्याचा कच्चा माल म्हणून पाहावे, याला काय म्हणावे?

तथापि दारूचे दुःख खोटे नव्हते. 1972 साली शहादा परिसरात श्रमिक संघटना उभी राहिली. आदिवासींच्या गेलेल्या जमिनी आणि मजुरी हे तिचे प्रश्न. पण चळवळीत आलेल्या भिल्ल स्त्रियांनी आणखी एक प्रश्न स्वतः पुढे रेटला. त्या गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडू लागल्या. नवऱ्याची मारहाण आणि उपाशी पोरे त्यांना ठाऊक होती. चैत्रात मोह वेचणारे हात आणि मडके फोडणारे हात एकाच समाजातल्या बायकांचे होते. झाडावर त्यांचा राग नव्हता. सरकारी कायद्याला जो भेद कधी जमला नाही, तो या निरक्षर बायांनी सहज केला.

2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर वननिवासींचा मालकी हक्क मान्य केला आणि 2021 साली महाराष्ट्र शासनाने मोहफुलांचे संकलन, वाहतूक व साठवण यांवरील निर्बंध शिथिल केले. आता अडचण वेगळी आहे. फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवण्याची जुनी सवय आहे. त्या आगीत मोहाची कोवळी रोपे जळतात आणि वणवा कधी कधी डोंगरभर पसरतो. झाडाखाली जाळी किंवा जुनी लुगडी अंथरली, तर पेटवण्याचे कारण उरत नाही, फुलेही मातीविना मिळतात.