एकाच नावाचे वारस

खडकवासल्याच्या चौपाटीवरून सिंहगड दिसतो. गडावर जाणारे बहुतेक जण तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीपाशी थांबतात. तिथेच छत्रपती राजारामांचीही समाधी आहे. मार्च १७०० मध्ये ते या गडावर निवर्तले आणि मागे दोन राण्यांचे दोन मुलगे राहिले: ताराबाईंचा शिवाजी, राजसबाईंचा संभाजी. एकाला आजोबांचं नाव, दुसऱ्याला थोरल्या काकांचं. त्याच वेळी औरंगजेबाच्या छावणीत संभाजीराजांचा मुलगा कैदेत होता. त्याचंही पाळण्यातलं नाव शिवाजीच. इतिहास त्याला शाहू म्हणतो.

आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत महाराष्ट्रात जुनी. आपल्याकडे सुनेने सासऱ्यांचं नाव घ्यायचं नाही, मग पोराला हाक कशी मारणार? म्हणून घरोघरी नाना, बापू, दादा झाले. बाळाजी विश्वनाथांचे नातू बाळाजी बाजीराव हे सगळ्यांना नानासाहेब म्हणूनच ठाऊक आहेत.

राजघराण्यात मात्र नावाबरोबर गादीचा हक्कही येई. शाहू १७०७ मध्ये सुटून आले, तेव्हा ताराबाईंनी त्यांना तोतया ठरवलं. ऑक्टोबरात खेडला, म्हणजे आजच्या राजगुरुनगरला, थोरल्या शिवाजी महाराजांच्या दोन नातवांच्या फौजा समोरासमोर आल्या. दोघांचंही नाव आजोबांचंच. ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव शाहूंना मिळाले आणि निकाल लागला. ताराबाईंचा शिवाजी तेव्हा अकरा वर्षांचा होता. त्या पोराच्या वाट्याला पुढेही फारसं सुख आलं नाही. १७१४ मध्ये राजसबाईंनी मायलेकांना कैदेत टाकून आपल्या संभाजीला कोल्हापूरच्या गादीवर बसवलं.

डिसेंबर १७४९ मध्ये शाहू निपुत्रिक वारले. ताराबाईंनी पुढे केलेला नातू साताऱ्याच्या गादीवर आला. त्याचं नाव रामराजा, म्हणजे पुन्हा आजोबांचंच! १७५० मध्ये, पतीच्या समाधीच्या दर्शनाचं निमित्त करून त्या सिंहगडावर आल्या आणि अष्टप्रधानांपैकी पंत सचिवांना पेशव्यांविरुद्ध आपल्या बाजूला वळवू लागल्या. रामराजा मात्र त्यांच्या कह्यात राहीना. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांनी त्याला साताऱ्याच्या किल्ल्यात डांबलं आणि हा आपला नातूच नव्हे, असं जाहीर केलं. ज्या नावावर त्याला गादी मिळवून दिली, तेच नाव त्यांनी खोटं ठरवलं.

कोल्हापुरात संभाजी १७६० मध्ये वारले. त्यांच्या राणीचं नाव जिजाबाई. १७६२ मध्ये त्यांनी भोसल्यांच्याच एका शाखेतला मुलगा दत्तक घेतला आणि त्याचं नाव ठेवलं शिवाजी.