कॅम्पर ट्रेलरमधील विद्युत दोषनिवारण

कॅम्पर ट्रेलर हे मोटारीच्या मागे जोडून ओढले जाणारे, मुक्कामाची सोय असलेले बिनइंजिनाचे वाहन आहे. अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि कॅनडा या देशांत अशा वाहनांचा वापर मोठ्या प्रमाणावर होतो. तेथील बहुतेक कॅम्पर ट्रेलरांत १२ व्होल्ट एकदिश प्रवाहाची आणि १२० व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाहाची अशा दोन विद्युत प्रणाली असतात. बिघाड शोधताना तो यांपैकी कोणत्या प्रणालीत आहे, हे प्रथम ठरवावे लागते.

रचना

दिवे, पाण्याचा पंप, गॅस हीटरचा पंखा आणि गॅसगळती सूचक ही उपकरणे बॅटरीच्या १२ व्होल्ट पुरवठ्यावर चालतात. वातानुकूलन यंत्र, मायक्रोवेव्ह आणि भिंतीवरील सॉकेट यांना १२० व्होल्टची वीज लागते. कॅम्पग्राउंड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुक्कामाच्या जागी असलेल्या खांबावरील सॉकेटातून ती जाड केबलद्वारे घेतली जाते. लहान ट्रेलरांसाठी हे सॉकेट सामान्यतः ३० अँपिअरचे असते. म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त ३,६०० वॅट शक्ती मिळते.

दोन्ही प्रणालींना जोडणारा दुवा म्हणजे कन्व्हर्टर. तो १२० व्होल्टच्या प्रवाहाचे एकदिश प्रवाहात रूपांतर करून १२ व्होल्टची उपकरणे चालवतो व बॅटरीही भारित करतो. या रचनेमुळे बाहेरील पुरवठा खंडित झाला तरी दिवे बॅटरीवर चालू राहतात आणि बॅटरी उतरेपर्यंत बिघाड लक्षात येत नाही.

लक्षणे व संभाव्य कारणे

• दिवे चालू, पण सर्व सॉकेट बंद : खांबावरील किंवा ट्रेलरमधील मुख्य सर्किट ब्रेकर ट्रिप झालेला असणे, केबल सैल असणे.
• काही सॉकेटच बंद : गळतीप्रवाह ओळखून वीज तोडणारे ‘जीएफसीआय’ सॉकेट ट्रिप झालेले असणे. असे एक सॉकेट पुढील अनेक सॉकेटांचे रक्षण करते. त्यामुळे बाहेरच्या सॉकेटाचा दोष स्वयंपाकाच्या ओट्याजवळ किंवा न्हाणीघरात सापडू शकतो.
• १२ व्होल्टची सर्व उपकरणे बंद : बॅटरी तोडण्याचा स्विच बंद असणे, मुख्य फ्यूज उडालेला असणे, बॅटरीचे टर्मिनल गंजलेले असणे.
• पंप सुरू होताच दिवे मंद होणे : बॅटरी दुर्बल असणे किंवा सांगाड्याला जोडलेली ऋण तार सैल वा गंजलेली असणे.
• बाहेरची वीज असूनही बॅटरी उतरणे : कन्व्हर्टर नादुरुस्त असणे. बॅटरीच्या तारा उलट जोडल्या गेल्यास कन्व्हर्टरमधील संरक्षक फ्यूज उडतात व भारण थांबते.
• उभ्या ट्रेलरची बॅटरी उतरणे : गॅससूचकासारखी उपकरणे सतत अल्प प्रवाह घेत असणे.

मापन

निदानासाठी मल्टिमीटर वापरतात. भारण आणि वापर थांबवून काही तासांनी मोजल्यास पूर्ण भारित शिसे-आम्ल बॅटरीचा विद्युतदाब सुमारे १२.६ व्होल्ट भरतो. १२.२ व्होल्टच्या आसपास ती निम्मी, तर १२ व्होल्टच्या खाली बरीचशी रिकामी समजतात. लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरीचा दाब बराच काळ जवळपास स्थिर राहत असल्याने तिला हे आकडे लागू पडत नाहीत. कन्व्हर्टर चालू असताना बॅटरीवर साधारणपणे १३ व्होल्टहून अधिक दाब दिसावा. तो न वाढल्यास भारण होत नसल्याचा संभव असतो.

उपकरण चालू ठेवून केलेले मापन अधिक विश्वासार्ह असते. मल्टिमीटर स्वतः नगण्य प्रवाह घेतो, त्यामुळे खराब सांध्यातूनही तो पूर्ण दाब दाखवतो. सांध्यात ०.१ ओहम रोध असेल, तर १० अँपिअर प्रवाह वाहताना तेथे १ व्होल्ट दाब घटतो. स्रोतापासून उपकरणापर्यंत टप्प्याटप्प्याने मोजत गेल्यास घट जेथे दिसते तेथे दोष असतो.

सुरक्षितता

ट्रेलरचे ३० अँपिअरचे सॉकेट घरगुती कपडे वाळवणी यंत्राच्या २४० व्होल्ट सॉकेटासारखे दिसते. या साम्यामुळे ते चुकून २४० व्होल्टला जोडले गेल्यास ट्रेलरमधील उपकरणे जळतात. म्हणून नव्याने बसवलेल्या सॉकेटाचा दाब केबल जोडण्यापूर्वी मोजणे आवश्यक असते.

अर्थ तार तुटलेली असताना प्रवाहाची गळती झाली, तर ट्रेलरचे धातूचे अंग विद्युतभारित होते. जमिनीवर उभे राहून दाराला हात लावताच झिणझिण्या येणे हे त्याचे लक्षण असून तो धक्का प्राणघातक ठरू शकतो. अशा वेळी ट्रेलरला पुन्हा स्पर्श न करता खांबावरील ब्रेकर तत्काळ बंद करावा लागतो.

फ्यूज तारेचे रक्षण करतो. उडालेल्या फ्यूजच्या जागी अधिक क्षमतेचा फ्यूज बसवल्यास तार तापून आग लागण्याचा धोका असतो.

विद्युत ब्रेक असलेल्या ट्रेलरांत बॅटरीचे आणखी एक कार्य असते. ट्रेलर धावत्या मोटारीपासून सुटल्यास त्याचे ब्रेक त्यावरील बॅटरीच्या विजेनेच लागतात. बॅटरी उतरलेली असल्यास ते लागत नाहीत. त्यामुळे बॅटरीची तपासणी प्रवासापूर्वीच्या सुरक्षा तपासणीचा भाग मानली जाते.