भाताचा आठ पायांचा राखणदार

१/५
विष फवारावे आणि कीड वाढावी, असे घडू शकते? इंडोनेशियात घडले. १९८४ मध्ये हा देश तांदळात स्वयंपूर्ण झाला. नव्या वाणांच्या जोडीला अनुदानित, स्वस्त कीटकनाशके होती.

२/५
दोनच वर्षांत जावा बेटावर तपकिरी तुडतुड्यांनी थैमान घातले. हा चिमुकला कीटक बुंध्यातील रस शोषतो आणि उभे पीक करपल्यासारखे वाळते. फवारणी वाढली, तसे तुडतुडेही वाढले.

३/५
हे कोडे फिलिपिन्समधील भातशेतात पीटर केनमोर यांनी आधीच उलगडले होते. लांडगा कोळी शिकारीसाठी जाळे विणत नाही. बुंध्याशी धावून तुडतुडे पकडतो. फवारणीने कोळी मरत, तुडतुड्यांची अंडी मात्र रोपाच्या ऊतींत सुरक्षित राहत. त्यांतून निघणाऱ्या पिढीला शत्रूच उरत नसे.

४/५
नोव्हेंबर १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांनी भातावर ५७ कीटकनाशकांच्या वापरास बंदी घातली. पुढे अनुदानही टप्प्याटप्प्याने संपले. सरकारी तिजोरी तोवर पिकाच्या राखणदारालाच मारण्याचा खर्च उचलत होती.

५/५
१९८९ पासून तेथील शेतीशाळांत शेतकरी रोपाजवळ वाकून तुडतुड्यांबरोबर कोळीही मोजू लागले. फवारणीचा निर्णय त्या मोजणीनंतर होई. महाराष्ट्रातील आजच्या शेतीशाळा याच पद्धतीच्या वारसदार आहेत.